जुने इंजिन की पुनर्निर्मित?

पुण्याहून बेळगावी माल आणणाऱ्या मालमोटारीचे इंजिन निकामी झाले, की आम्हां व्यापाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो : वापरलेले जुने घ्यावे की पुनर्निर्मित? जुने स्वस्त खरे. परंतु त्याची झीज आत दडलेली असते. पुनर्निर्मित इंजिनात क्रँकशाफ्ट मापून घासलेला असतो. पिस्टनच्या रिंगा व बेअरिंगे नवी घातलेली असतात. मात्र नुसत्या रंगावर भुलू नये. मापांचा कागद व लेखी हमी मागावी. जुनेच घेणे भाग पडल्यास काँप्रेशन व तेलाचा दाब तपासावा. कोणतेही घेतले तरी नवा इंजिन-क्रमांक नोंदणीपुस्तकात चढवून घ्यावा. गाडी वाटेत अडली, तर नासलेला माल आणि मोडलेला वायदा त्याच स्वस्त इंजिनाच्या नावे मांडावा लागतो. वायदा पाळणे हेच आमचे खरे भांडवल होय.