नॅनो म्हणजे कमी डोस नव्हे

उसाच्या पट्ट्यातल्या माळशिरसमध्ये ‘नॅनो’ म्हटलं की आधी नॅनो युरियाची बाटली आठवते. अर्ध्या लिटरात पोत्याचं काम, असा तिच्यामागचा दावा. त्यावरून नॅनो औषधही थोडक्यात भागत असेल असं वाटतं. पण तसं नाही.

२०२१च्या म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) साथीत ज्या इंजेक्शनसाठी राज्यभर धावाधाव झाली, ते लिपोसोमल अँफोटेरिसिन-बी नॅनो औषधच होतं. साधं अँफोटेरिसिन रोज किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम देतात, लिपोसोमल ५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या रुग्णाला रोज ५० मिलिग्रॅमच्या सहा व्हायल लागायच्या, टंचाई जाणवली ती त्यामुळेही. औषध पाचपट, तरी किडनीला इजा कमी, कारण ते १०० नॅनोमीटरहून लहान स्निग्ध कणांत बसवलेलं असतं. सुटं फिरत नाही. दोन्ही व्हायलवर नाव जवळपास तेच, पण लिपोसोमलचा डोस साध्या औषधाला लावला तर जिवावर बेततं.

कण नेमका रोगाच्या जागी जाऊन बसतो, हाही असाच एक लाडका समज. प्रत्यक्षात शिरेतून सोडलेले बरेचसे कण यकृत आणि प्लीहा अडवतात. प्राण्यांमधल्या कर्करोगाच्या गाठींवर दहा वर्षांत झालेल्या प्रयोगांचा २०१६ साली आढावा निघाला, तेव्हा गाठीत पोचणाऱ्या कणांचा मध्यक ०.७ टक्के भरला. ‘अचूक मारा’ हे शब्द जाहिरातीतच बरे. आजवरची खरी कमाई आहे ती बाकीच्या अवयवांचा त्रास कमी करण्यात, आणि तीही काही लहान नाही.

आता संकरित कण. नाव बियाण्यासारखं असलं तरी यात जनुकांचा काही संबंध नाही, स्निग्ध पदार्थ आणि पॉलिमर या दोन पदार्थांची जोड आहे. निव्वळ स्निग्ध कणातून औषध गळतं. पॉलिमरचा कण टिकाऊ, पण शरीर त्याला लवकर परका ठरवतं. म्हणून २००८मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी आत पीएलजीए हे पॉलिमर, त्याभोवती लेसिथिन या स्निग्ध पदार्थाचा थर आणि बाहेर पीईजीचं आवरण अशी रचना मांडली. यात धातू नाही, चिप तर नाहीच. विरघळणाऱ्या टाक्यांचा धागा पीएलजीएच्याच जातीचा असतो, लेसिथिन सोयाबीनमधून निघतं.

मात्र मेडिकलमध्ये जाऊन हे मागू नका. संकरित कणांची बहुतेक औषधं अजून प्रयोगशाळेतच आहेत. प्रयोगशाळेत चमचाभर बनवलेले कण कारखान्यात, प्रत्येक बॅचला त्याच आकाराचे निघायला हवेत, आणि तिथेच घोडं अडतं.