बिनअॅलर्जीचे पिल्लू?

दम्याच्या एका आजोबांचा मुलगा परवा विचारीत होता, ‘डॉक्टर, बाबांच्या सोबतीला लॅब्राडूडल आणू का? त्याची अॅलर्जी होत नाही म्हणतात.’

हवाईतील एका अंध स्त्रीच्या पतीस कुत्र्यांची अॅलर्जी होती. तिला मार्गदर्शक कुत्रा मिळावा म्हणून १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी लॅब्राडोर व पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लांपैकी एकाचीच त्या पतीला बाधा झाली नाही. पुढे नावाचा बाजार झाला; कॉनरन यांना पश्चात्ताप झाला. नवी जात घडवणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तपासून केलेली निवड; पहिलाच संकर महाग विकणे नव्हे.

अॅलर्जीचे मूळ लाळेत व त्वचेच्या कोंड्यात असते, केवळ केसांत नाही. आजोबांना आधी त्याच पिल्लाजवळ दोन-चारदा बसवून पाहावे आणि त्याच्या आईबापांच्या खुब्याच्या व डोळ्यांच्या तपासणीचे कागद मागावेत, असे मी सांगितले.