दुसरा राउटर आहे, तरी नेट का गेलं?

सिरसाळा हे परळी तालुक्यातलं, परळी-बीड रस्त्यावरचं बाजाराचं गाव. अशा गावात पीक विम्याची मुदत संपत आली की ऑनलाइन सेवा केंद्रापुढे गर्दी होते आणि नेमकं तेव्हाच ‘नेट गेलंय, थोडं थांबा’ ऐकावं लागतं. त्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे दुसरा राउटर. उपाय वाईट नाही, पण त्याच्याबद्दलच्या समजुती मात्र तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : दोन राउटर जोडले की एक बंद पडल्यावर दुसरा आपोआप काम हाती घेतो.

नाही घेत. प्रत्येक संगणकाला नेटवर जाण्याचा एक दरवाजा सांगितलेला असतो, त्याला गेटवे म्हणतात. घरगुती राउटरचा हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखाच असतो. तो राउटर मेला तरी संगणक त्याच पत्त्यावर डेटा धाडत राहतो. शेजारच्या टेबलावरचा दुसरा राउटर चालू आहे, याची त्याला गंधवार्ता नसते. उलट दोन्ही खोक्यांवर कारखान्यातून आलेला एकच पत्ता असेल आणि दोन्ही संगणकांना आयपी पत्ते वाटत बसले, तर सगळं धड चालू असतानाच गोंधळ उडतो.

मोठ्या कार्यालयांसाठी यावरची युक्ती १९९८ सालीच जाहीर झाली. सिस्को कंपनीचा एचएसआरपी (गाडीच्या नंबरप्लेटचा नव्हे) आणि सर्व कंपन्यांसाठीचा व्हीआरआरपी, या दोन्ही नियमावल्या त्या वर्षीच्या. त्यांत गेटवेचा पत्ता सहसा कोणत्याच राउटरचा स्वतःचा नसतो, तो दोघांत सामायिक असतो. मुख्य राउटर ठरावीक वेळाने (व्हीआरआरपीत दर सेकंदाला) ‘मी आहे’ अशी हाक देतो. हाका थांबल्या की राखीव राउटर तो पत्ता स्वतःकडे घेतो. हार्डवेअरचा मॅक पत्ताही आभासी, ठरवून दिलेलाच असतो. त्यामुळे संगणकावर काहीही बदलावं लागत नाही. बाजारातल्या स्वस्त घरगुती राउटरमध्ये ही सोय सहसा नसते. लिनक्सवर मात्र कीपअलाइव्हड हा फुकट प्रोग्रॅम हेच काम करतो.

गैरसमज : आपोआप म्हणजे क्षणात, कुणाला कळतही नाही.

व्हीआरआरपीच्या नेहमीच्या मांडणीत राखीव राउटर तीन हाकांची वाट पाहून, वर थोडं थांबून, साधारण ३.६ सेकंदांनी पुढे येतो. एचएसआरपीत हाच वेळ १० सेकंदांपर्यंत जातो. तेवढं खपून जातं. त्रास वेगळाच होतो. लाइन दुसऱ्या कंपनीची असेल तर आपला बाहेरचा आयपी बदलतो, म्हणून चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटतो, डाउनलोड अडकतं, काही पोर्टल पुन्हा लॉगिन मागतात. अर्धवट भरलेला अर्ज वाचेलच याची हमी कोणताही राउटर देत नाही.

गैरसमज : राउटरचे दिवे हिरवे, म्हणजे लाइन ठीक.

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी समजूत ही. व्हीआरआरपी मुळात एवढंच पाहतो, की शेजारचा राउटर जिवंत आहे का. रस्त्याच्या कामात जेसीबीने चार किलोमीटरवर फायबर तोडली, तर मुख्य राउटरला काहीच झालेलं नसतं. तो इमानेइतबारे हाका देत राहतो, राखीव राउटर गप्प बसतो आणि सगळा डेटा तुटलेल्या वाटेवर जात राहतो. दोन राउटर, दोन लाइन, तरी नेट बंद! यासाठी राउटरला बाहेरचा एखादा पत्ता सतत पिंग करायला, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारायला, सांगावं लागतं. उत्तर येईना, तर त्याने स्वतःचा प्राधान्यक्रम खाली आणायचा, म्हणजे राखीव राउटर पुढे येतो. पत्ताही विचार करून निवडावा. कंपनीच्याच जवळच्या यंत्राला पिंग केलं आणि तूट त्याच्या पलीकडे असली, तर ती दिसणारच नाही. दूरचे दोन-तीन पत्ते द्यावेत आणि लागोपाठ काही पिंग चुकल्यावरच लाइन बदलावी, नाहीतर एक पिंग हुकला की राउटर इकडून तिकडे उड्या मारत बसतो.

गैरसमज : दोन कंपन्यांचं नेट म्हणजे दोन वाटा.

बिलं दोन, वाट बहुतेकदा एकच. दोन्ही केबली त्याच खांबावरून किंवा त्याच चरातून येतात, आणि मोबाइलचा टॉवरही पुष्कळदा त्याच भागातल्या फायबरला टांगलेला असतो. हे फक्त खेड्याचं दुखणं नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ फ्लॅग आणि सी-मी-वी ४ या समुद्राखालच्या दोन केबली एकदम निकामी झाल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं. मालक वेगळे, समुद्रतळ मात्र एकच. भारतनेटचीही तीच कथा. सुरुवातीला तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर सरळ रेषेत टाकली, त्यामुळे मध्ये तुटली की पुढची गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत म्हणूनच वर्तुळाकार जोडणी ठरली. एका बाजूने तुटलं तर डेटा दुसऱ्या बाजूने फिरून येतो.

विजेचंही तसंच. औष्णिक केंद्र परळीत, उशालाच, पण लाइट जायची ती जातेच. दोन्ही राउटर इन्व्हर्टरवर आणि फायबरचा पांढरा ओएनटी डबा साध्या सॉकेटवर असेल, तर सगळा खटाटोप वाया.

दोन लाइन जोडल्या की वेग दुप्पट होतो, हाही एक लाडका समज. एकच फाइल एकाच लाइनने येते. दहा जण काम करत असतील तर भार विभागला जातो, इतकंच.

छोट्या दुकानाला, सेवा केंद्राला दोन राउटरांची गरजच नसते. दोन लाइन घेणारा एक राउटर, फायबरच्या जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम आणि सगळ्याला पुरेल अशी बॅटरी, एवढं पुरे. बँकेची शाखा, महाविद्यालय, रुग्णालय इथे मात्र दोन राउटर हवेतच.

आणि बसवून देणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याच्यासमोर या गोष्टी करा : दोन राउटर असतील तर मुख्य राउटरची पिन काढा, मग फायबरची वायर काढा, शेवटी मेन स्विच पाडा. प्रत्येक वेळी नेट परत आलं, तरच बिल चुकतं करा.