न झिजलेले खोडरबर : व्हिडिओ गेमच्या आकृत्यांचा संग्रह आणि त्याचे जतन

प्रस्तावना

लेखनसाहित्यात खोडरबराचे स्थान काहीसे वेगळे आहे. चूक पुसताना स्वतः झिजत जाणे हेच त्याचे कार्य असल्याने वापरलेला खोडरबर सहसा मागे उरत नाही. जपानमध्ये १९७० व १९८० च्या दशकांत मुलांनी जमविलेले आकृतिरूप खोडरबर मात्र आजही संग्राहकांकडे आढळतात, कारण ते खोडण्यासाठी फारसे वापरलेच गेले नाहीत. या वस्तूंचा उगम, व्हिडिओ गेमशी त्यांचा आलेला संबंध आणि त्यांच्या जतनातील अडचण यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

खोडरबरासाठी जपानी भाषेत ‘केशिगोमु’ हा शब्द आहे. ‘केशि’ म्हणजे पुसणे आणि ‘गोमु’ म्हणजे रबर; म्हणजेच या शब्दाची घडण मराठीतील ‘खोडरबर’ या शब्दासारखीच आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगवान मोटारींच्या आकाराचे खोडरबर तेथे लोकप्रिय झाले. बॉलपेनच्या खटक्याने या मोटारी बाकावर पुढे ढकलण्याची शर्यत मुले खेळत. शाळेत खेळणे नेण्यास मज्जाव असला, तरी खोडरबर हे शालेय साहित्यच होते. खेळ आणि अभ्यास यांच्या सीमारेषेवरील हे स्थान त्यांच्या लोकप्रियतेचे एक महत्त्वाचे कारण मानता येईल.

पुढे १९८३ पासून बान्दाई कंपनीने ‘किन्निकुमान’ या कुस्तीविषयक चित्रकथेतील पात्रांच्या लहान आकृत्या नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांतून विकल्या. त्यांचे ४१८ प्रकार निघाले. ‘किनकेशि’ या नावात खोडरबराचा उल्लेख असला, तरी त्यांनी अक्षर नीट पुसले जात नसे. कोणती आकृती हाती येईल हे आधी कळत नसल्याने एकच आकृती अनेकदा मिळे आणि त्यातून मुलांमध्ये अदलाबदलीचा व्यवहार सुरू होई. संग्रहाची सवय या व्यवहारातूनच रुजली.

पडद्यावरील चित्राचे वस्तूत रूपांतर

१९८३ च्याच जुलै महिन्यात निन्तेन्दो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे घरगुती खेळयंत्र बाजारात आले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ मध्ये आणि ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकरच या खेळांतील पात्रांचेही खोडरबर निघू लागले. त्या यंत्रावरील लहान मारिओची आकृती रुंदीला १६ व उंचीला १६ अशा चौकोनी ठिपक्यांत बसविलेली असून तिला तीनच रंग उपलब्ध होते. टोपी व मिशा ही त्याची ओळख अशाच मर्यादेतून आली. केस आणि तोंड इतक्या कमी ठिपक्यांत रेखाटणे अवघड होते. खोडरबराची स्थिती नेमकी उलट होती. त्याला बहुधा एकच रंग असे. परंतु पडद्यावरील चित्राला नसलेली पाठ, जाडी आणि वजन त्याला लाभत असे. यंत्र बंद केल्यावर पडद्यावरील पात्र नाहीसे होई. खोडरबर मात्र मुलाच्या खिशात राही. पुढील काळातील स्मरणरंजनपर खोडरबरांत ठिपक्यांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडाही मुद्दाम राखलेल्या आढळतात. तंत्राची जुनी मर्यादाच येथे अलंकार बनली आहे.

द्रव्य आणि जतन

अशा आकृत्या प्रामुख्याने पॉलिव्हिनाइल क्लोराईड, म्हणजे पीव्हीसी, या प्लॅस्टिकच्या असतात. हे द्रव्य मुळात कठीण असते. त्याच्या दीर्घ रेणूंमध्ये मृदुकारक द्रव मिसळल्याने ते लवचिक होते. हा द्रव रासायनिक बंधाने जोडलेला नसल्याने कालांतराने पृष्ठभागाकडे सरकतो. त्यामुळे वस्तू प्रथम चिकट आणि पुढे ताठ होते. पॉलिस्टायरीनच्या डबीत खोडरबर दीर्घकाळ राहिल्यास डबीचे प्लॅस्टिक हा द्रव शोषून मऊ पडते आणि दोन्ही वस्तू एकमेकींना चिकटतात. खोडरबराभोवतीचे कागदी वेष्टन हा संपर्क टाळण्यासही उपयोगी पडते.

संग्राहकांची नेहमीची पद्धत येथे अपायकारक ठरते. धुळीपासून रक्षण व्हावे म्हणून वापरलेली पॉलिथिनची पिशवीही मृदुकारक शोषून घेते. डेन्मार्कमधील संवर्धनशास्त्रज्ञ इव्हॉन शाशुआ यांनी २००१ मधील आपल्या प्रबंधात मृदुकारकयुक्त पीव्हीसीच्या ऱ्हासाचा अभ्यास केला. द्रव न शोषणाऱ्या बंद काचपात्रात हा ऱ्हास मंदावतो, असे त्यातून दिसून आले. अशी वस्तू प्रकाश व उष्णतेपासून दूर ठेवणे आणि आकृत्या परस्परांना चिकटू न देणे हेही आवश्यक असते.

निष्कर्ष

न वापरल्यामुळे खोडरबर झिजण्यापासून वाचतो. परंतु त्याच्या द्रव्यातील बदल थांबत नाही. एका पिढीने पडद्यावरील जग हातात कसे घेतले, आपसांत कसे वाटले आणि शाळेच्या शिस्तीत त्यासाठी जागा कशी शोधली, याचा पुरावा या अल्पमोली वस्तूंत साठलेला आहे. तो मुख्यतः खाजगी संग्राहकांच्या हाती असल्याने आकृतीसोबत तिची डबी, माहितीपत्रक, प्राप्तीचे ठिकाण व वर्ष यांची नोंद ठेवणे महत्त्वाचे ठरते. वस्तू उद्या ताठरली किंवा विरूप झाली, तरी तिच्याविषयीचे ज्ञान या नोंदीमुळे अभ्यासकांना उपलब्ध राहील. बाल्याच्या भौतिक संस्कृतीचा अभ्यास करताना म्हणूनच संग्रहाइतकेच महत्त्व नोंदीला आणि द्रव्यज्ञानाला द्यावे लागते.