वादळी रविवारी समुद्रकाठची धाव

पाऊस लागला की निगडीच्या दुर्गा टेकडीवरची सकाळची वर्दळ ओसरते. उन्हाळाभर नेमाने फिरणाऱ्या, हळूहळू थोडं पळूही लागलेल्या बायका आषाढात घरी बसतात. आणि नेमकी त्याच दिवसांत भिशीतली एखादी उत्साही मैत्रीण विचारते, "अगं, पहिल्या रविवारी मुंबईला समुद्रकाठी धावायला जायचंय. येतेस का?"

मैत्रिणींनो, लगेच ‘नाही’ म्हणू नका. आणि लगेच ‘हो’ही म्हणू नका. आधी प्रकरण काय आहे ते बघू या.

‘मुंबई रोड रनर्स’ हा मुंबईतला हौशी धावणाऱ्यांचा गट. महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे वांद्र्याहून निघून नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपर्यंत धावत जायचं, हा त्यांनी पाडलेला पायंडा. वरळी सी फेस, हाजी अली, चौपाटी, मरीन ड्राइव्ह अशी बरीचशी वाट समुद्राच्या संगतीने जाते. अंतर एकवीस किलोमीटरच्या आसपास. आकडा वाचून अंक मिटू नका! पहिल्यांदा जाणारीनं नुसता मरीन ड्राइव्ह एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केला, तरी साडेतीन किलोमीटर होतात. थोडं पळा, थोडं चाला. ही शर्यत नव्हे.

आपल्या पट्ट्यातली पहिली अडचण पावसाची नसतेच मुळी. पिंपरी, भोसरी, चाकणकडच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारी. म्हणजे जगाचा रविवार हा आपल्या घरात डब्याचा वार! यजमानांची पहिली पाळी असली की पहाटे कंपनीची बस, आणि तुम्ही तर शनिवारीच मुंबईला आत्याकडे मुक्कामाला. म्हणून सांगते, खरा सराव इथून सुरू करायचा. भाजी चिरून ठेवा, कणीक भिजवून ठेवा. पण पोळ्या लाटून जाऊ नका. एकदा लाटून गेलात की दर वेळी लाटूनच जावं लागेल. घरातल्या मोठ्या माणसांना आणि मुलांना एक दिवस आपला डबा आपण भरता येतो, हे त्यांनाही कळू द्या.

मग सासूबाई म्हणतील, "पावसात भिजलीस तर आजारी पडशील." त्या मायेनेच म्हणतात. पण सर्दी होते ती विषाणूंमुळे, नुसत्या भिजण्याने नव्हे. भिजल्यावर ओल्या कपड्यांत वाऱ्याला तासभर उभं राहणं मात्र वाईट, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. त्यांना असं सांगितलंत तर वाद होणार नाही. "बायकांच्या जातीला एवढं झेपत नाही" असं कुणी म्हणालं, तर मात्र गप्प बसू नका. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ साली, लॉस एंजेलिसला. तोवर मोठमोठ्या शहाण्यांचं हेच म्हणणं होतं.

वादळातल्या धावेची माझी सर्वांत आवडती गोष्ट अमेरिकेतल्या बोस्टनची आहे. १६ एप्रिल २०१८. हाडं गोठवणारी थंडी, समोरून झोंबणारा वारा आणि धो धो पाऊस. कितीतरी नामवंत धावपटूंनी अर्ध्यावर धाव सोडली. डेझ लिंडन हिलाही सुरुवातीलाच वाटलं, आज काही आपलं खरं नाही. तिने शेजारी धावणाऱ्या शेलेन फ्लॅनगनला सांगितलं, "तुला काही मदत लागली तर सांग, मी बहुधा सोडणारच आहे." पुढे शेलेनला मध्येच शौचालयात जावं लागलं, तर डेझ चक्क तिच्यासाठी रेंगाळली आणि तिला पुन्हा पुढच्या घोळक्यात आणून सोडलं. आणि शेवटी जिंकली कोण? तीच डेझ! दुसरी आली सारा सेलर्स. ही ॲरिझोनातली भूलतज्ज्ञ परिचारिका. पूर्ण वेळ नोकरी करून पहाटे नाहीतर संध्याकाळी सराव करणारी. तिचं नाव त्या दिवसापर्यंत फारसं कुणी ऐकलं नव्हतं. पहाटे उठून डबे करून कामावर जाणाऱ्या आपल्यातल्या कितीजणींना ती ओळखीची वाटेल!

पण याच गोष्टीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय तुम्हाला घराबाहेर काढणं मला बरं वाटणार नाही. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरातली शर्यत होती. दुपारी हवा एकाएकी फिरली. गारा, गोठवणारा पाऊस, सोसाट्याचा वारा. बरेचसे धावपटू अर्ध्या चड्डीत आणि पातळ बनियनवर. एकवीस जण थंडीने गारठून गेले. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीशी बसवलं, म्हणून ते वाचले. मुंबईचा पाऊस तसा गार नसतो हे खरं. पण थंडी, वारा आणि ओला कपडा यांचं त्रिकूट कुठेही भेटू शकतं. दात वाजायला लागले, बोटांनी बटण लागेना, बोलणं अडखळायला लागलं, की त्या बाईची धाव तिथे संपली. आडोसा, कोरडे कपडे आणि गोड गरम चहा. ती "मला काही होत नाहीये" म्हणेल, तिचं ऐकायचं नाही. निघण्याआधीच ठरवून टाका, की चौघींपैकी एकीने "परत" म्हटलं की चौघी परत. नंतर चर्चा नाही.

आता समुद्राचं. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर इथे उपयोगी पडतं, बरं का. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईत पूर्ण भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, मग रोज जवळजवळ पाऊण तासाने पुढे सरकते. उधाणाचे दिवस ते हेच. म्हणजे पौर्णिमेच्या रविवारी तुम्ही पहाटे धावता तेव्हा समुद्र ओहोटीला, शहाण्यासारखा वागत असतो. नऊ-दहा वाजता धाव संपते, नाश्ता होतो, ‘जरा फोटो काढू या’ म्हणून मंडळी पुन्हा कठड्याकडे वळतात, आणि तोवर पाणी चढलेलं असतं. धोका आहे तो धावताना नव्हे, या रेंगाळण्यात. २०२३च्या जुलैत वांद्र्याच्या बँडस्टँडला खडकावर नवऱ्याशेजारी फोटोसाठी बसलेल्या एका बाईला लाटेने ओढून नेलं. मुलं समोर उभी होती. तेव्हा कठड्यावर बसणं नाही, खडकांवर उतरणं तर नाहीच. हवामान खात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल, तर मुंबईला जायचंच नाही. तिकिटाचे पैसे बुडाले तर बुडाले.

समुद्र लांब आहे म्हणून इकडे आपण सुरक्षित, असंही समजू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि त्याच दिवशी मावळ-खेडपर्यंत घरांवरचे पत्रे उडाले. आणि किवळ्याची गोष्ट आपल्यापैकी कुणी विसरली नसेल. १७ एप्रिल २०२३, संध्याकाळची वेळ, वादळी पाऊस. हमरस्त्याच्या कडेला माणसं आडोशाला उभी राहिली, आणि ज्या भल्यामोठ्या जाहिरातफलकाच्या आडोशाला उभी होती तोच अंगावर कोसळला. पाच जण गेले, त्यात चार बायका. मुंबईला जाण्याआधी दोन-तीन रविवार आपल्याच भागात पावसात पळून पाहा असं मी सांगणार आहे, म्हणून हेही सांगते: वारा सुटला की फलक, झाड, पत्र्याची शेड यांच्याखाली थांबायचं नाही. भिजा, पण पक्क्या इमारतीपर्यंत चालत जा. विजांचा गडगडाट कानावर आला की तर लगेचच आत. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

कपड्यांचा प्रश्न बायकांना सर्वांत आधी पडतो आणि तो काही क्षुल्लक नाही. बारामतीच्या लता भगवान करे साठी ओलांडल्यावर, नवऱ्याच्या औषधपाण्याच्या पैशांसाठी, नऊवारीत आणि अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली चित्रपटही आला. त्यांना शंभर नमस्कार! पण मुंबईच्या तुंबलेल्या रस्त्यावर तुम्ही अनवाणी जाऊ नका; पाण्याखाली काच, खिळा, उघडं गटार काय असेल सांगता येत नाही. सुती कुडता भिजला की शेरभर जड होतो आणि अंगाला घासतो. त्यापेक्षा पटकन वाळणारा कृत्रिम धाग्याचा सैल सदरा आणि घट्ट बसणारी विजार बरी. आतले कपडे नीट मापाचे. मांड्या, काखा, पट्ट्यांखाली, जिथे जिथे कपडा घासतो तिथे व्हॅसलिन चोपडून निघा. नाहीतर परतीच्या गाडीत बसवणार नाही. छत्री घरी ठेवा, पुढे झाप असलेली टोपी घाला. प्लॅस्टिकचा रेनकोट घालून पळू नका, आतल्या आत उकडून निघाल. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे पावसातसुद्धा अंग तापतं. पाणी प्यायचं, आणि जोडीला मीठ-साखर-लिंबू. मोबाइल दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळला तरी पुरे.

ताप, जुलाब, नुकतंच झालेलं आजारपण असेल तर जायचं नाही. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा काही त्रास असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. छातीत दुखलं, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ आली, घेरी आली, की ‘पित्त झालं असेल’ म्हणून पुढे पळायचं नाही. पाळीचे दिवस असतील तर तेवढ्यासाठी अडून बसू नका. आपल्याला बरं वाटतंय का एवढंच पाहा.

पिशवीत कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड, टॉवेल आणि चपला हव्यातच. वातानुकूलित गाडीत ओल्या अंगाने बसून लोणावळा गाठणं हे धावण्यापेक्षा जास्त त्रासाचं. घरी आल्यावर बूट उन्हाची वाट बघत गॅलरीत टाकू नका; आषाढात ऊन येतंय कुठलं! आतला तळवा बाहेर काढा, बुटात रद्दी कागदाचे बोळे कोंबा, दोन तासांनी ओले बोळे काढून कोरडे भरा. रात्री पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ मात्र नको, डिंक सुटतो. दुसऱ्या दिवशी थोडा खाण्याचा सोडा आत भुरभुरवा, म्हणजे वास राहणार नाही. पुढच्या रविवारपर्यंत बूट तयार.