विश्लेषण : दारात बसलेल्या आजीचा चेहरा फोटोत काळा का येतो? काय आहे ‘डायनॅमिक रेंज’चे गणित?

गावच्या घरी आजी उंबऱ्याजवळ तांदूळ निवडत बसलेली आहे. मागे अंगणात लख्ख ऊन. तुम्ही घरातून फोटो काढता. अंगण सुरेख येते, आजीचा चेहरा मात्र काळा. चेहऱ्यावर बोट टेकवून पुन्हा काढला, तर चेहरा दिसतो, पण अंगण पांढरेफटक. डोळ्यांना दोन्ही दिसत होते, मग कॅमेऱ्याला का नाही? आणि फोटो पुन्हा काढता येणार नसेल, तर यातले काय वाचवता येते?

डायनॅमिक रेंज म्हणजे काय?

सर्वात गडद ते सर्वात उजळ भाग, यांतील जेवढा फरक कॅमेरा तपशिलासह टिपू शकतो, ती त्याची डायनॅमिक रेंज. ती ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. म्हणजे १० स्टॉपचा फरक हा १०२४ पटींचा फरक झाला. आपला डोळा नजर फिरेल तसा प्रकाशाशी जुळवून घेतो आणि मेंदू त्यातून एक सलग चित्र तयार करतो. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये संपूर्ण दृश्यासाठी एकच एक्स्पोजर मिळते.

पांढरा झालेला भाग परत का मिळत नाही?

सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल पर्जन्यमापकासारखा असतो. भांडे भरून वाहू लागले की पुढे किती पाऊस पडला, हे कळायला मार्ग नाही. पांढऱ्याफटक अंगणाचे तेच झालेले असते. सावलीत मात्र भांड्यात थोडे का होईना, पाणी जमलेले असते. ते मोजून वाढवता येते. फक्त थेंब कमी असल्याने मोजणीतली चूकही वाढते आणि फोटोत दाणे दिसू लागतात. फोनचा सेन्सर लहान, त्यामुळे त्याची भांडीही लहान आणि लवकर भरणारी.

फोनमधला ‘एचडीआर’ काय करतो?

युक्ती जुनी आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५०च्या दशकात समुद्र आणि आकाशाच्या दोन वेगळ्या निगेटिव्ह जोडून एकच छायाचित्र तयार केले होते. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो गणिताने एकत्र करण्याची पद्धत पॉल डेबेव्हेक आणि आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये मांडली. २०१० मध्ये आयफोनच्या कॅमेऱ्यात एचडीआर आले. गुगलच्या २०१३ मधील ‘एचडीआर प्लस’ने वेगळी वाट धरली. मुद्दाम थोडे काळसर ठेवलेले अनेक फोटो झटपट काढायचे, ते एकमेकांवर जुळवायचे आणि मग सावल्या उजळायच्या. उजेड वाचतो आणि दाणेही कमी होतात.

फोटो काढताना काय करावे?

- सेटिंगमध्ये एचडीआर किंवा ऑटो एचडीआर सुरू ठेवा.
- आजीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक होते. मग सूर्याचे चिन्ह किंवा पट्टी खाली ओढा. अंगणातल्या पानांचा, वाळत घातलेल्या कपड्यांचा रंग दिसू लागला की थांबा. त्याहून काळा केलात तर चेहऱ्यावर दाणे येतील.
- थेट सूर्य किंवा पेटलेला बल्ब फ्रेममध्ये असेल, तर तो पांढरा जाऊ द्या. त्याला वाचवायला गेलात, तर बाकी सगळे काळवंडेल.
- प्रो मोड असेल, तर ‘रॉ’ फाइल घ्या. नेहमीच्या जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६. सावली उजळताना हा फरक दिसतो.
- दृश्य स्थिर असेल, तर फोन ट्रायपॉडवर ठेवून उणे २, शून्य आणि अधिक २ अशा एक्स्पोजरचे तीन फोटो काढा आणि नंतर जोडा. तांदूळ निवडणाऱ्या हातांसाठी मात्र हे नको. हात दुहेरी दिसतील.

एडिटिंगचा क्रम कोणता?

स्नॅपसीड किंवा लाइटरूमसारखे ॲप पुरेसे आहे. आधी हायलाइट्स कमी करा, म्हणजे अंगणाचे रंग गडद होतील. मग शॅडोज वाढवा, चेहरा उजळेल. आता फोटो फिका, धुरकट वाटेल. तिथे ब्लॅक्स किंचित कमी केले की खोली परत येते. शेवटी फक्त चेहरा निवडून तेवढाच थोडा उजळा.

कुठे थांबायचे?

आजीच्या डोक्याभोवती उजळ कडा दिसू लागली, चेहरा राखाडी झाला किंवा घरातली सावली अंगणाइतकीच उजळ वाटली, तर स्लाइडर मागे घ्या. आत अंधार आणि बाहेर ऊन, हे फोटोतही कळले पाहिजे.

एडिटिंगसाठी मूळ फाइलच घ्या. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली प्रत आकुंचित झालेली असते, तिच्या सावल्या उजळल्या की चौकोनी डाग दिसतात. मूळ हवी असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

आणि शक्य असेल, तर सर्वात सोपा उपाय आधी करून पाहा. उठून अंगणात जा आणि तिथून आजीचा फोटो काढा. बाहेरचा उजेड तिच्या चेहऱ्यावर असेल आणि निम्मे एडिटिंग वाचेल.