दुरुस्तीच्या टेबलावर – ६ : डायलची ‘काच’

मागच्या भागात कपॅसिटर बदलले आणि रेडिओ बोलू लागला. पण काटा कुठे फिरतोय हेच दिसत नसेल, तर स्टेशन लावायचं कसं? ग्वाल्हेरसारख्या, ख्यालगायक कृष्णराव शंकर पंडितांच्या (१८९३–१९८९) गावात जुन्या मर्फी किंवा बुश रेडिओला भंगार म्हणायला सहसा कुणी धजावत नाही. तरी पिवळी पडलेली, तडकलेली ‘काच’ पाहून मात्र तिथल्याही माणसाचा हात आधी कापडाकडे जातो.

घोटाळा तिथेच होतो. पुष्कळ सेटांत मीटरचे आकडे आणि स्टेशनांची नावं आतल्या बाजूला छापलेली असतात. ओल्या फडक्याचा एक हात फिरला की दिल्ली आणि सिलोन दोन्ही गायब! म्हणून प्लग काढून, चॅसिस बाहेर घेण्याआधीच डायलचा समोरून, सरळ फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

ही ‘काच’ बहुधा प्लास्टिकचीच असते, म्हणून मग त्या प्लास्टिकची जात ओळखायची. व्हिनेगरसारखा आंबट वास आला आणि पत्रा आक्रसून वाकला असेल, तर तो बहुधा सेल्युलोज ॲसिटेट. त्याला पॉलिश करत बसण्यात अर्थ नाही. ॲक्रिलिक नुसतं ओरखडलेलं असेल तर बदलूच नये. बारीक वॉटर पेपर आणि मग पॉलिश पुरेसं होतं, तेही फक्त बाहेरून.

बदलायचंच ठरलं, तर नावाच्या पाट्या करणाऱ्याकडे दोन-तीन मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट मिळते. सपाट पट्टी असेल तर काम सोपं: कटरने चर पाडायचा, शीट टेबलाच्या कडेवर दाबून तोडायची, कड घासायची. वरचा संरक्षक कागद शेवटपर्यंत काढू नये. लेसरने कापून घेतली तर कडेला ताण राहतो. पुढे कुणी स्पिरिट किंवा थिनरने पुसलं की तिथे बारीक तड्यांचं जाळं उठतं. साबणाचं पाणी बरं.

स्क्रूची भोकं मात्र सैल हवीत. ॲक्रिलिक काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावतं. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, जानेवारीच्या पहाटे पाच अंशांच्या आसपास उतरतो. या ४० अंशांच्या फरकात ३० सेंटिमीटरची पट्टी सुमारे ०.८ मिलिमीटर लांब-आखूड होते. म्हणून भोक मिलिमीटरभर मोठं, खाली नमद्याची चकती, आणि स्क्रू हाताने अडेल इतकाच पिळायचा. घट्ट आवळण्याची हौस असलेल्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं.

आकडे फोटोवरून पारदर्शक फिल्मवर छापून मागून लावता येतात. काटा बरोबर बसला का, हे पाहायला आकाशवाणी ग्वाल्हेरची १३८६ किलोहर्ट्झची मध्यम लहर उपयोगी. जुन्या डायलवर किलोहर्ट्झ नसून मीटर असतील, तर ३,००,००० ला १३८६ ने भागायचं: २१६. प्रक्षेपण चालू असताना काटा त्या खुणेवर येत नसेल, तर दोष बहुधा काचेचा नाही, काटा ओढणाऱ्या दोरीचा.

दोरी पुढच्या भागात.